तात्यांनी काढलेलं ॲव्हरेज

पणदऱ्यात कुणाच्या गाडीचं ॲव्हरेज किती, हे गाडीवाल्याला विचारून कधी खरं कळत नाही. नुकतीच गाडी घेतलेला माणूस पाच-दहा वाढवून सांगतो, विकायला काढलेला पंधरा वाढवून सांगतो, आणि ज्याचा मेव्हणा दर आठवड्याला गाडी मागून नेतो तो मुद्दाम कमी सांगतो. खरा आकडा हवा असेल तर श्रीपतीतात्यांकडे जायचं, असा गावचा रिवाज होता.

तात्या पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून फेऱ्या मारल्या आणि शेतांकडे जाणाऱ्या कोणत्या चारीला किती पाणी सुटलं ते मोजलं. ऊसवाल्या गावात पाण्याचं मोजमाप म्हणजे जिवाचा खेळ. सख्खे भाऊ एकमेकांच्या डोक्यात खोरं घालायला निघाले, तरी "तात्यांनी मोजलंय का?" एवढं कुणी विचारलं की दोघंही खाली बसत. वरून फोन आला म्हणून तात्यांनी आकडा बदलला नाही, आणि स्वतःचा साडू दारात येऊन बसला म्हणूनही बदलला नाही. नोकरी संपली, कालवा दुसऱ्याच्या हाती गेला, पण मोजायची सवय काही गेली नाही. मग ती सवय गाडीवर येऊन बसली. भागुबाई, म्हणजे तात्यांची कारभारीण, म्हणायची, "गाडीला मापता, पावसाला मापता. माझ्या भाकरी तेवढ्या मापू नका."

बाटली लावणं म्हणजे काय, ते ठाऊक नसणाऱ्यांना सांगायला हवं. गाडीच्या टाकीचा कॉक बंद करायचा. एका बाटलीत बरोबर एक लिटर पेट्रोल मोजून घ्यायचं, ती हँडलला उलटी टांगायची आणि तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडायची. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनाला भरवणारा भाग. मग मीटरवरचा आकडा टिपायचा आणि गाडी चालवत सुटायचं. बाटली संपली की गाडी आपोआप थांबते. थांबली तिथं पुन्हा मीटर बघायचा. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे एका लिटरचं ॲव्हरेज. ह्यात लबाडीला जागाच नाही, असं तात्या म्हणत. पेट्रोल मोजायला त्यांच्याकडे काचेची मोजनळी होती, आणि थांबलेली गाडी घरापर्यंत आणायला दुसऱ्या बाटलीत थोडं पेट्रोल पिशवीत असायचं.

तात्यांची स्वतःची गाडी दोन हजार नऊची. काळी, शंभर सीसीची, सीटवर भागुबाईनं शिवलेलं रेक्झिनचं कव्हर. दर दिवाळीला फाट्यावरच्या सिकंदर मिस्त्रीकडून सर्व्हिसिंग करून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी बाटली लावायची, हा तात्यांचा नेम. चौसष्ट, त्रेसष्ट, पुन्हा चौसष्ट, बासष्ट. पंधरा वर्षांत गाडी दोन-तीन आकड्यांच्या पलीकडे हलली नव्हती. निकाल डेरीवर जाहीर व्हायचा, सकाळी दूध घालायला सगळे जमतात तेव्हा.

सिकंदर मिस्त्री चौथी शिकलेला. पण गाडीचा आवाज ऐकून आजार सांगायचा, त्याला हात लावून बघायची गरज पडायची नाही. त्याचं गॅरेज उघडलं त्या सकाळी पहिली गाडी तात्यांनीच आणून लावली होती, तीही बिघाड नसताना, चांगल्या हाताची बोहनी व्हावी म्हणून. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं तात्यांच्या कुठल्याही गाडीचा नट दुसऱ्या हातानं ढिला झाला नव्हता. चौदा एप्रिलला सिकंदर आणि ताजबी तात्यांकडे जेवायला असायचे, आणि ईदला तात्यांना सिकंदरच्या ओट्यावर शीरखुर्म्याचे दोन वाडगे संपवल्याशिवाय सुटका नसायची. सिकंदरचा मुलगा अरफात ह्या दोन घरांच्या मधेच वाढला. दोन वर्षांपूर्वी त्यानं इंदापुरात दुचाकीचं विक्री केंद्र टाकलं, तेव्हा नारळ तात्यांच्याच हातानं फुटला होता.

गेल्या दिवाळीत सर्व्हिसिंग झालं आणि तात्यांनी बाटली लावली. गाडी बारामतीची एक खेप करून दुसऱ्या खेपेला तिथून परत फिरली आणि पणदऱ्याच्या बरंच मागे, उसाच्या कडेला थांबली. सेहेचाळीस.

तात्यांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यांनी मोजनळी धुतली. टायरमधली हवा तपासली. दुसऱ्या पंपाचं पेट्रोल आणलं. दुसऱ्यांदा सत्तेचाळीस, तिसऱ्यांदा सेहेचाळीस. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर काजळीनं काळं झालं. हे सगळं त्यांनी नेमानं केलं. एकच गोष्ट तपासायची राहिली, आणि ती तपासायची असते हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही.

सिकंदरनं गाडीभोवती एक फेरी मारली, एक्सिलेटर पिळून आवाज ऐकला आणि मान हलवली. इंजिन आता म्हातारं झालं, ऑईल जाळतंय, पिस्टन-रिंगा बदलूनही वर्षभरात पुन्हा तेच होईल, असं त्यानं सांगितलं. तात्यांनी सीटच्या कव्हरवरून हात फिरवला. मग सिकंदरच म्हणाला, "त्येच गाडीचं नवं मॉडेल आलंय अरफातकडं. पर मी घ्या म्हननार न्हाय, तात्या. दुकान पोराचं हाय, माझं तोंड खोटं पडंल. माझ्यावर इसवास ठिऊ नका. तुमीच मोजा."

ह्या बोलण्यानं तात्यांना बरं वाटलं. असा मित्र असावा, असं त्यांनी घरी येऊन भागुबाईला सांगितलंही.

अरफातनं नवी गाडी दोन दिवस वापरायला दिली. ह्या गाडीला बाटली लागत नाही, कारण तिच्यात कार्बोरेटरच नाही. टाकीतल्या टाकीत पंप बसवलेला आणि पेट्रोल किती सोडायचं ते यंत्र ठरवतं. म्हणून तात्यांनी टाकी काठोकाठ भरली, बारामती-इंदापूर करून आले, पुन्हा काठोकाठ भरली आणि भागाकार केला. सदुसष्ट.

डेरीवर फॅटचे दर लिहायचा एक काळा फळा असतो. त्याच्या कोपऱ्यात तात्यांनी खडूनं लिहिलं: जुनी सेहेचाळीस, नवी सदुसष्ट. खाली सही केली नाही, कारण अक्षर कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

वर्ष-दीड वर्ष गावात तीच चर्चा चालली होती. नवं मॉडेल चांगलं म्हणतात, पण जुनी चालू असताना बदलावी का? कुणी म्हणे दिवा लख्ख आहे, कुणी म्हणे नुसता मीटर बदलून पैसे उकळतात. सगळे तात्यांकडे बघत थांबलेले. त्या फळ्यावरच्या दोन आकड्यांनी कोंडी फुटली. तात्यांनी गाडी बदलली, आणि संक्रांतीच्या आत पाच घरांनी बदलली. त्यांतल्या रणजितनं तर आठ वर्षांची, घोड्यासारखी धावणारी गाडी देऊन टाकली.

तात्यांना नवी गाडी वाईट वाटली नाही. बटण दाबलं की चालू व्हायची, किक मारून गुडघा धरायचा नाही. ब्रेक जोरकस होता. पण चालवताना तिचा आवाजच यायचा नाही, आणि ॲव्हरेज तर ती स्वतःच मीटरवर दाखवायची. वीस मिनिटं चालवली की हिरव्या अक्षरांत आकडा हजर. पहिल्या आठवड्यात तात्यांनी तो दोनदा पडताळून पाहिला, बरोबर निघाला, मग मोजनळी कपाटात गेली. भागुबाई म्हणाली, "तुमच्या जागी बदली माणूस आला जणू."

माघ संपत आलेला. एका दुपारी तात्या ओसरीत पडले होते, तेव्हा दारात ओळखीचा आवाज आला. गाडीचा आवाज. तात्या उठून बसले. त्यांचीच काळी गाडी दारात उभी होती आणि तिच्यावर डोक्याला पटका बांधलेला एक तरणा माणूस. हँडलला डाळिंबांची पिशवी.

त्यानं नाव सांगितलं, बिरदेव, गाव निरवांगी. मेंढरं होती, आता डाळिंबाची बाग आहे. इंदापुरात अरफातच्या केंद्रात एक्स्चेंजमध्ये आलेली ही गाडी त्यानं घेतली होती. आरटीओत नाव चढवायचं तर टीटी फॉर्मवर जुन्या मालकाची सही लागते, म्हणून पत्ता काढत आला होता. तात्यांनी चष्मा लावला, सगळा फॉर्म वाचला, तीन ठिकाणी सह्या केल्या. बिरदेव मात्र उठेना. त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं.

"तात्या, मनाला खातंय म्हनून डाळिंबं आनली," तो म्हणाला. "गाडी मला भंगाराच्या भावात मिळाली. इंजिन गेलंय म्हनले हुते. पर गाडी पासष्ट देतीया."

तात्यांनी चष्मा काढून पुन्हा लावला. इंजिनाचं काम केलं का, असं विचारलं.

"काय न्हाय केलं. आमच्या गावात येक मिस्तरी हाय, त्येनं सायलेन्सरात बोट घातलं आन् हसला. म्हनला, ही काजळी कोरडी हाय. ऑईल जळत आसतं तर बोटाला चिकाट लागलं आसतं. मग त्येनं कार्बोरेटर खोलला. ह्येच्यात जेट भलताच हुता. मोठ्या गाडीचा." त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि तात्यांच्या तळहातावर एक पितळी तुकडा ठेवला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. "ह्यो काढला, हिचा घातला, बास."

जेट म्हणजे कार्बोरेटरमधली तोटी. ज्या भोकातून पेट्रोल इंजिनाकडे जातं, ते भोक. चारीच्या तोंडाला मोठा पाइप बसवला तर पाणी जास्त जाणार, ते सांगायला इंजिनीअर लागत नाही. प्रत्येक जेटवर बारीक आकडा कोरलेला असतो. तात्यांनी तो उन्हाकडे धरून वाचला. पंच्याऐंशी. त्यांच्या गाडीला पंच्याहत्तरचा लागतो, हे त्यांना पाठ होतं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका बिलंदर बागायतदारानं शेजाऱ्याचं पाणी तोडायला त्याच्या चारीतल्या मोजपट्टीच्या खालच्या अंगाला रातोरात दगड रचले होते. पाणी फुगलं, पट्टी जास्त दाखवायला लागली. पट्टी खोटं बोलत नव्हती, पाण्यालाच खोटं बोलायला लावलं होतं. तेव्हापासून तात्या मोजण्याआधी पट्टीच्या वर आणि खाली शंभर पावलं चालून बघत. चौतीस वर्षं चालले. ह्या एका खेपेला चालले नाहीत, कारण त्या बाजूला सिकंदर उभा होता.

बिरदेवनं भीत भीत विचारलं की त्यानं काही चुकीचं केलं का. तात्यांनी त्याला चहा पाजला, गाडी नीट ठेव म्हणून सांगितलं आणि जेट तेवढा मागून घेतला. गाडी गेल्यावर तिचा आवाज वळणापर्यंत ऐकत ते दारातच उभे राहिले. मग चप्पल घालून फाट्याकडे चालत निघाले. नवी गाडी दारात होती, ती घ्यावीशी वाटली नाही.

सिकंदर एका मोपेडचं चाक खोलून बसला होता. तात्यांना पाहून त्यानं स्टूल पुढे सरकवलं. तात्या बसले नाहीत. त्यांनी तळहात पुढे केला. सिकंदरनं त्या पितळी तुकड्याकडे पाहिलं, आणि हातातला पाना हळूच जमिनीवर ठेवला. कुठून आणला, असं त्यानं विचारलं नाही. त्यावरूनच तात्यांना सगळं कळलं. वाटभर त्यांनी मनाशी एक आशा धरली होती की चुकून पडला असेल, डब्यात जेट मिसळले असतील, म्हाताऱ्याची नजर. ती आशा तिथं संपली.

"आनखी कुनाच्या गाडीत घातलास?" तात्यांनी विचारलं. दुसरं काही त्यांना विचारायचंच नव्हतं. पाच घरांनी त्यांच्या आकड्यावर गाड्या बदलल्या होत्या.

"कुनाच्याच न्हाय," सिकंदर म्हणाला. "फक्त तुमच्या."

"का?"

"बाकीच्यास्नी गरजच न्हवती, तात्या."

हे तो उर्मटपणानं बोलला नाही. हिशेब सांगावा तसं खाली मान घालून बोलला. संक्रांतीच्या आत साठ गाड्या गेल्या नाहीत तर कंपनी अरफातचं केंद्र काढून घेणार होती. चोपन्नवर घोडं अडलं होतं. पणदऱ्याचा जो येईल तो गाडी बघायचा, बसून बघायचा आणि म्हणायचा, तात्या काय म्हणतात ते बघू. तात्या जुनी सोडत नव्हते तोवर गाव हलत नव्हतं.

"मला सांगायचं हुतंस. मी आशीच घेतली आसती गाडी. अरफातसाठी घेतली आसती."

"तुमी घेतली आसती. पर डेरीवर काय सांगितलं आसतं? पोरासाठी घेतली म्हनून सांगितलं आसतं. खोटं बोलायला तुमाला येतंय कुठं?" सिकंदरनं पहिल्यांदा वर पाहिलं. "त्या नव्या गाडीत माझ्या हाताला काय काम न्हाय, ठाव हाय का? कॉम्पुटर लावल्याबिगर ती बोलत न्हाय. गावात आशी येक-येक गाडी येतीया तसं माझं येक-येक गिऱ्हाईक जातंय. मी माझ्या पोटावर पाय दिला, तात्या. मंग तुमच्यावर पडला तर..."

तो मोपेडचं चाक उगाच हातानं फिरवत राहिला.

तात्यांना राग यायला हवा होता. आला असता तर बरं झालं असतं. त्यांना फक्त आठवत होतं की ह्याच माणसानं "माझ्यावर इसवास ठिऊ नका" म्हटलं तेव्हा आपला ऊर भरून आला होता. शेवटी ते म्हणाले की उद्या सकाळी डेरीवर तू स्वतःच्या तोंडानं सांग. मी सांगितलं तर तुझी अब्रू जाईल. तू सांगितलंस तर चूक कबूल केली म्हणून लोक चार दिवसांत विसरतील. अरफातचं नाव घेऊ नको, नुसतं जेट चुकला होता म्हण, पण फळ्यावरचा आकडा खोटा होता एवढं लोकांना कळू दे.

सिकंदरनं जमिनीवरचा पाना उचलून पुसला. मग म्हणाला, "येतो."

सकाळी डेरीवर नेहमीसारखी रांग होती. सिकंदर आला, घरच्या दोन गाईंचं दूध घातलं, पावती खिशात घातली. तात्या फळ्याजवळ उभे होते. त्यांनीच सुरुवात केली. दिवाळीत जुन्या गाडीचा जो आकडा मी लिहिला, तो खरा नव्हता, गाडी चांगली होती, असं म्हणून त्यांनी सिकंदरकडे पाहिलं.

सगळे सिकंदरकडे बघायला लागले. त्यानं किटलीचं झाकण लावलं, दाबून बघितलं.

"तात्यांच्या हातनं मापात चूक झाली," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता, आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसा. "वयामानानं हुतं तसं. बाटली जरा कमी भरली आसंल. काल संध्याकाळी आले माझ्याकडं, लई वाईट वाटून घेत हुते. मीच म्हनलं, लोकांस्नी सांगून टाका, मन हलकं हुईल."

क्षणभर तात्यांना शब्दच ऐकू आले नाहीत, नुसते ओठ दिसले. तोवर लोक हसायला लागले होते. वाईट हसू नव्हतं ते. मायेचंच होतं. एकजण म्हणाला की एवढ्यासाठी झोप घालवली होय तात्या, आमची तर रोज चुकते. रणजितनं येऊन खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन तात्यांना सहन होईना. त्यांनी खिशातून जेट काढला.

"ह्यो बघा. ह्यो घातला हुता गाडीत."

रणजितनं तो घेतला, उलटसुलट केला. दोघा-तिघांनी पाहिला. सिकंदरनं लांबूनच सांगितलं की जेट आहे, असले आपल्या डब्यात शंभर पडलेत, तात्यांनी काल जाताना उचलला असेल. आणि किटली हँडलला अडकवून तो निघून गेला. जाताना तात्यांच्या बाजूनं गेला नाही, कट्ट्याला वळसा घालून गेला.

तात्या घरी आले तेव्हा भागुबाई डाळिंबं सोलत होती. सांगितलं का त्यानं, असं तिनं विचारलं. त्यानं काय सांगितलं ते तात्यांनी सांगितलं. तिचे हात थांबले. बराच वेळ तिनं सिकंदरला शिव्या दिल्या, मग ताजबीला त्यातून वगळलं, मग अरफातलाही वगळलं, कारण पोराला हे माहीत असेल असं तिला वाटेना. शेवटी म्हणाली, "त्या निरवांगीच्या पोराला बोलवा. उभा करा डेरीवर. त्यो सांगंल खरं काय ते."

"चौतीस वर्सं मला साक्षीदार लागला न्हवता," तात्या म्हणाले.

"मंग बसा घरात."

तात्या बसले नाहीत. दुपारचं ऊन कलल्यावर त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि निघाले. त्यांनी ठरवलं होतं की ज्या पाच घरांनी आपल्या आकड्यावर गाड्या बदलल्या, त्या पाचही घरी जायचं आणि जसं आहे तसं सांगायचं. ऐकणाऱ्यानं मानलं तर मानलं.

पहिलं घर रणजितचं. त्यानं खुर्ची टाकली, पाणी दिलं. तात्यांनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. सिकंदरचं नावही घेतलं, कारण आता ते झाकण्यात अर्थ नव्हता. मग दिवाळीतच जे सांगायला हवं होतं तेही सांगितलं. ज्याला पहिलीच गाडी घ्यायची आहे त्यानं नवी घ्यावी, ती चांगली आहे. पण ज्याची जुनी धडधाकट आहे त्यानं दिवा आणि बटणासाठी ती सोडू नये. ती बिघडली तर कुठलाही मिस्त्री रस्त्याच्या कडेला उघडून बघू शकतो, ही बिघडली तर टेम्पोत घालून इंदापूर गाठावं लागतं. दोन्हींच्या ॲव्हरेजमध्ये तीन-चार आकड्यांचा फरक. तुझी गाडी तू बदलायला नको होतीस, रणजित.

रणजितनं मधे एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला.

"तात्या, तुमी म्हनता त्ये खरं बी आसंल," तो म्हणाला. "पर सकाळी मिस्तरी येक म्हनले, आता तुमी येक म्हनता. दोगं बी मोठी मानसं. आमी कुनाचं धरायचं?"

तात्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी सांगतोय ना, एवढंच म्हणायचं होतं. जन्मभर तेवढ्यानं भागलं होतं. पण रणजित मान वर करून त्यांच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत तिरस्कार नव्हता, थट्टा नव्हती, नुसता प्रश्न होता. तोंडातलं वाक्य तात्यांनी गिळलं.

रणजितलाच अवघडल्यासारखं झालं. वातावरण हलकं करायला तो हसून म्हणाला, "बघा हां तात्या, दुष्काळाच्या साली आमच्या चारीला पानी कमी बसलं हुतं. आमचं आबा मरूस्तवर म्हनत हुतं, माप चुकलंय म्हनून." तात्यांचा चेहरा बघून त्यानं लगेच जीभ चावली. "गंमत केली. चहा टाकतो."

चहा नको म्हणून तात्या उठले. दारात चपला शोधायला त्यांना थोडा वेळ लागला. रस्त्यावर आल्यावर त्यांनी एकदा घराच्या दिशेनं पाहिलं, एकदा पुढच्या आळीकडे पाहिलं. अजून चार घरं राहिली होती. ते पुढच्या आळीकडे वळले.